रोजची प्रार्थना टिकत का नाही, आणि टिकवायची कशी

वॉच नाइटच्या (३१ डिसेंबरच्या रात्रीच्या) उपासनेत, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होताना किंवा एखादं कन्व्हेन्शन संपताना पुष्कळ जण मनाशी एकच गोष्ट ठरवतात: उद्यापासून पहाटे चारला उठायचं आणि तासभर प्रार्थना करायची. एक तारखेला उठतात. दोन तारखेलाही उठतात. पुढे नाशिकची जानेवारीतली थंडी, त्यात अपुरी झोप, आणि संक्रांतीच्या आत सगळं बंद. मग "आपला विश्वासच कमी" असं म्हणून माणूस पुढच्या वॉच नाइटपर्यंत गप्प बसतो.

यात विश्वासाचा फारसा दोष नसतो. क्रम उलटा लागलेला असतो. आधी 'किती वेळ' ठरतं, मग 'कधी'. आणि कुठे बसायचं, काय वाचायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं हे ठरतच नाही. तो क्रम खाली सरळ लावून दिला आहे. प्रार्थना का करावी हे इथे सांगत बसत नाही. ते तुम्हाला पटलेलं आहे असं धरून चालतो. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, कोणत्याही मंडळीचे असा, टप्पे तेच राहतील.

एक सूचना आधीच. सुरुवात एक जानेवारीला किंवा राखेच्या बुधवारी (लेंटच्या पहिल्या दिवशी) करू नका. असल्या दिवशी अंगात उत्साह जास्त असतो आणि माणूस झेपणार नाही एवढं कबूल करून बसतो. एखादा साधा मंगळवार निवडा.

टप्पा १: घड्याळाची वेळ नको, 'कशानंतर' ते ठरवा

"सकाळी साडेपाचला" असं ठरवलं की साडेपाच चुकले म्हणजे दिवस चुकला. आणि साडेपाच चुकणारच, कारण आपली सकाळ आपल्या हातात नसते. ती शिफ्टच्या, नळाच्या पाण्याच्या आणि शाळेच्या व्हॅनच्या हातात असते. म्हणून रोज न सांगता होणारं एक काम शोधा आणि प्रार्थना त्याच्या पाठोपाठ ठेवा. त्या कामाला तीन अटी लावा: ते रोज होतं, त्यानंतर दहा मिनिटं तुम्हाला कोणी हाक मारत नाही, आणि त्या वेळी तुम्ही पूर्ण जागे असता.

सातपूर-अंबडला कारखान्यात असाल आणि पाळी बदलत असेल तर 'आंघोळीनंतर, डबा भरण्याआधी' हे उत्तम. पहिल्या पाळीला ती पहाट असेल, दुसऱ्या पाळीला सकाळचे दहा, तिसऱ्या पाळीला रात्रीचं जेवण उरकल्यानंतरची वेळ. घड्याळ बदललं तरी क्रम तोच. मात्र तिसरी पाळी संपवून सकाळी घरी आल्यावर बसायचा बेत करू नका. दुसऱ्या ओवीला (वचनाला) डोळे मिटतात.

पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडला गाडीत असतात. घरून निघायच्या धांदलीत प्रार्थना कोंबण्यापेक्षा 'देवळाली मागे पडल्यावर' असं ठरवा. डब्यातल्या गप्पा आणि पत्ते रंगायच्या आत सात मिनिटं सहज मिळतात. अडचण एकच, सुटीच्या दिवशी तुम्ही गाडीत नसता. सुटीच्या दिवसासाठी दुसरं काम आजच ठरवून ठेवा, नाहीतर आठवडाभर चाललेली सवय शनिवार-रविवारात मोडते. असं फार जणांचं होतं.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत सकाळ फवारणीची आणि मजुरांची. तुमच्यासाठी संध्याकाळ बरी: शेतातून येऊन हातपाय धुतले की, ताट वाढायच्या आधी.

घर सांभाळणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो 'पहाटेचीच प्रार्थना खरी' या समजुतीचा. पाणी, डबे, मुलांची तयारी, सासूबाईंचा चहा, आणि या सगळ्याच्या आधी उठून प्रार्थना! येशू पहाटे उठून निर्जन ठिकाणी गेला हे मार्क १:३५ मध्ये (मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, पस्तिसावी ओवी) आहे. पण त्याच मार्कात, ६:४६ मध्ये, पाच हजारांना जेवू घालून, लोकांना निरोप देऊन तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला, तेव्हा दिवस कलला होता. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (६:१०). स्तोत्र ५५:१७ संध्याकाळपासूनच मोजायला लागतं: संध्याकाळी, सकाळी, दुपारी. तेव्हा सगळे घराबाहेर पडल्यावर, चहाचा पहिला निवांत कप घेतल्यानंतरची वेळ बेलाशक निवडा. ती कमी प्रतीची नाही.

तपासा: कागदावर एक वाक्य पूर्ण करा: "____ झाल्यावर मी ____ इथे बसून प्रार्थना करीन." मग तीन दिवस प्रार्थनेचा विचार बाजूला ठेवून नुसतं पाहा: ते काम खरंच रोज झालं का, आणि त्यानंतर मोकळीक मिळाली का? मिळाली नसेल तर काम बदला आणि पुन्हा पाहा. हे तीन दिवस वाया जात नाहीत. घाई करणारे नेमके हेच गाळतात.

टप्पा २: जागा

मत्तय ६:६ म्हणतं, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. सिडकोतल्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असतील तर दार लावणार कुठलं? त्या वचनाचा रोख लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करण्यावर आहे. खोली नसली तर गॅलरी चालते, गच्चीवरची टाकीमागची सावली चालते, जिन्याची सगळ्यात वरची पायरी चालते. कंपनीच्या पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीत बसून नियमाने प्रार्थना करणारी माणसं आहेत.

दोन जागा मात्र टाळा: अंथरूण, आणि ज्या खुर्चीत बसून तुम्ही टीव्ही किंवा फोन पाहता ती खुर्ची. शरीराला त्या जागांची दुसरी सवय लागलेली असते.

शरणपूर रोडचं संत आंद्रिया चर्च किंवा नाशिक रोडचं बाळ येशूचं मंदिर तुमच्या रोजच्या वाटेवर असेल आणि त्या वेळी उघडं असेल तर तिथे बसा. वाट वाकडी करून जावं लागत असेल तर ते अधूनमधून ठेवा. पावसाळ्यात वाकडी वाट पहिली बंद पडते.

घरात एकटेच ख्रिस्ती असाल तर ही जागा जास्त विचाराने निवडा. लपूनछपून करू नका. लपवलेलं उघडं पडलं की वाद होतो. पण देव्हाऱ्यासमोर बसून मोठ्याने वाचून वाद ओढवूनही घेऊ नका. "मी रोज दहा मिनिटं गॅलरीत बसून वाचतो" एवढं शांतपणे सांगून टाका. महिनाभरात घर सरावतं.

टप्पा ३: आदल्या रात्रीची मांडामांड

सकाळी वाचायचं असेल तर तयारी रात्रीच. ठरलेल्या जागी चार वस्तू ठेवा: पवित्र शास्त्र (बायबल), त्यात उद्याच्या उताऱ्यावर खूण, एक साधी वही, पेन. चष्मा लागत असेल तर पाचवी वस्तू चष्मा. हसू नका. चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेलेला माणूस तिथून फोन घेऊनच बाहेर येतो.

फोन दुसऱ्या खोलीत. छापील पवित्र शास्त्र नसेल आणि फोनवरच वाचायचं असेल तर आधी फ्लाइट मोड लावा आणि मगच ॲप उघडा. वाचता येत नसेल किंवा डोळे साथ देत नसतील तर ध्वनिमुद्रित वचन ऐका. ते वाचनाइतकंच चांगलं आहे, फक्त ऐकताना हात रिकामे असू द्या.

काय वाचायचं? इथे मोठी चूक होते. पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरू करणारे बहुतेक जण दुसऱ्या पुस्तकापर्यंत, निर्गमापर्यंत, नेटाने जातात. पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू झाली की खूण तिथेच पडून राहते. तुम्ही मार्कापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत. रोज सात-आठ ओव्या घेतल्या तर साधारण तीन महिने पुरतात, आणि प्रत्येक उताऱ्यात काहीतरी घडतं.

स्तोत्रं वाचायची असतील तर तारखेची युक्ती वापरा. आज १४ तारीख असेल तर १४, त्यात तीस मिळवत ४४, ७४, १०४ आणि १३४ अशी पाच स्तोत्रं समोर येतात. त्यांतलं एक निवडा. घाई असेल त्या दिवशी १३४ घ्या, तीनच ओव्या आहेत. २९ तारखेला मात्र पाचांत ११९वं येतं. ते १७६ ओव्यांचं आहे, ते सोडा. ३१ तारखेला एरवी काहीच वाट्याला येत नाही, त्या दिवशी त्यातल्या आठ ओव्यांचं एक कडवं घ्या. अशी बावीस कडवी आहेत. या पद्धतीचा फायदा असा की चार दिवस चुकले तरी "मी कुठे होतो?" हा प्रश्न येत नाही. कॅलेंडर सांगतं.

सावध: व्हॉट्सॲपवर आलेलं 'आजचं वचन' पाहणं, हात जोडलेलं चित्र पाठवणं आणि पुढच्या ग्रुपवर ढकलणं, ही प्रार्थना नाही. यूट्यूबवरचा चाळीस मिनिटांचा संदेशही नाही. दोन्ही वाईट नाहीत, पण त्यांनी 'आज झालं' असं वाटतं आणि खरी वेळ निघून जाते.

टप्पा ४: पहिले तीन आठवडे, सात मिनिटं

आता 'किती वेळ'. सात मिनिटं. कमी वाटतात, तशीच असू द्या. क्रम असा:

१. बसा आणि गप्प राहा. तीन-चार श्वास सावकाश घ्या. मग एक वाक्य: "प्रभू, मी आलो आहे." अर्धं मिनिट.

२. उतारा ओठ हलवत वाचा. एकदा सलग, एकदा थांबत थांबत. तीन मिनिटं.

३. त्यातलं जे वाक्य मनाला लागलं, खटकलं किंवा कळलं नाही, त्याबद्दल देवाशी बोला. "हे मला कळत नाही" हीसुद्धा प्रार्थनाच आहे. एक मिनिट.

४. एक उपकारस्तुती, एक कबुली, एक मागणं. प्रत्येकी एकच, पण नेमकं. "सर्व गोष्टींबद्दल आभार" असं ढोबळ नको. "काल आईचा ताप उतरला त्याबद्दल आभार" असं. दोन मिनिटं.

५. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. आमेन. उठा. अर्धं मिनिट.

वाचन आधी का? मागण्यांनी सुरुवात केली तर कालची काळजीच पुन्हा उगाळली जाते, आणि सात मिनिटांनंतर माणूस जास्त बेचैन होऊन उठतो. आधी वचन ऐकलं की बोलण्याचा सूर बदलतो. ज्यांना "प्रार्थना केली की आणखी टेन्शन येतं" असं वाटतं त्यांनी फक्त हा क्रम बदलून पाहावा.

सावध: चौथ्या-पाचव्या दिवशी फार बरं वाटेल आणि अर्धा तास बसावंसं वाटेल. बसू नका, निदान हे तीन आठवडे तरी. आज अर्धा तास बसलात की उद्याची सात मिनिटं अपुरी वाटतात, परवा अर्धा तास मिळत नाही, आणि तेरवापासून सुटी.

टप्पा ५: शब्द कुठून आणायचे

"मला प्रार्थना करता येत नाही" ही तक्रार वर्षानुवर्षं चर्चला येणाऱ्यांचीसुद्धा असते. कारण समजण्यासारखं आहे. आपण प्रार्थना ऐकतो ती पाळक साहेबांची, किंवा घरगुती सभेत एखाद्या ज्येष्ठ बाईंची, ज्या डोळे मिटून वीस मिनिटं न अडखळता बोलतात. तसं बोलता आलं नाही की माणूस ओशाळतो. ती समुदायात करायची प्रार्थना आहे. तिथे इतरांना 'आमेन' म्हणता यावं म्हणून तशी भाषा लागते. गॅलरीत एकट्याने बसल्यावर तिची गरज नाही. आईशी बोलता तशा मराठीत बोला. घरात अहिराणी किंवा कोकणा बोलत असाल तर त्याच बोलीत बोला.

तरीही शब्द सुचले नाहीत तर तयार चौकट घ्या. सगळ्यात भरवशाची चौकट प्रभूच्या प्रार्थनेची, मत्तय ६:९ ते १३. एकेक वाक्य म्हणायचं, थांबायचं, आणि त्यात आपला आजचा दिवस घालायचा:

'तुझे नाव पवित्र मानले जावो': देवाविषयी जे खरं आहे असं आज आठवतं ते एक वाक्यात म्हणा.

'तुझे राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो': आजच्या दिवसातली एक अवघड जागा त्याच्यापुढे ठेवा. सुपरवायझरशी बोलायचं आहे, भावाबरोबर जमिनीच्या वाटणीचा विषय निघणार आहे, जे असेल ते.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे': इथे पैशाचं बोलायला लाजू नका. घराचा हप्ता, मुलीची फी, लासलगावला पडलेला कांद्याचा भाव, सगळं इथेच येतं.

'आमची ऋणे आम्हांला सोड': आधी आपली चूक नाव घेऊन कबूल करा, मग ज्याच्यावरचा राग गेलेला नाही त्या माणसाचं नाव घ्या. नुसतं नाव. क्षमा त्याच दिवशी जमेल असं नाही, पण नाव रोज घेत राहा.

'आम्हांला परीक्षेत आणू नकोस': संध्याकाळी सातला कंपनीबाहेर कोण भेटतं आणि पाय कुठे वळतात, रात्री अकराला फोनवर काय उघडतं, हे तुम्हाला माहीत आहे. तेच सांगा.

कॅथलिक वाचकांकडे रोझरीची (जपमाळेची) चौकट आहेच. पाचही दशकं घाईत उरकण्यापेक्षा एकच दशक (दहा मण्यांचा एक भाग) सावकाश म्हणा. उरलेली घरच्या माळेत होतील.

'तेच ते शब्द रोज म्हणणं म्हणजे व्यर्थ बडबड' असा आक्षेप हमखास येतो, मत्तय ६:७ चा दाखला देऊन. ते वचन शब्दांचा ढीग घालून देवाला वळवू पाहणाऱ्यांविषयी आहे. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने तिसऱ्या वेळीही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय २६:४४ सांगतं. पुन्हा पुन्हा तेच म्हणायला हरकत नाही. हरकत आहे ती लक्ष नसताना म्हणण्याला. दर तीन शब्दांमागे "प्रभू, प्रभू" येत असेल तर समजा की तोंड पुढे गेलं आणि मन मागे राहिलं. थांबा, श्वास घ्या, पुढचं वाक्य छोटं करा.

टप्पा ६: मध्यस्थीची यादी

चौथ्या आठवड्यापासून. आधी नको, कारण यादी लगेच वाढते आणि सात मिनिटं खाऊन टाकते.

वहीची मागची पानं घ्या आणि वारांप्रमाणे वाटणी करा. सोमवार घरच्यांचा, मंगळवार नातेवाइकांचा, बुधवार आजारी माणसांचा, गुरुवार कामावरच्या सोबत्यांचा, शुक्रवार मंडळी आणि पाळकांचा, शनिवार शहराचा आणि अधिकाऱ्यांचा (१ तीमथ्य २:१-२ तसं सांगतंच). रविवारी मागणं नाही, फक्त आभार. एका वाराला चारच्या वर नावं नकोत. पाचवं आलं की एक दुसऱ्या वाराला न्या.

प्रत्येक नावापुढे तारीख आणि एक ओळ: नेमकं काय मागतो आहोत. पुढे रिकामी जागा सोडा. काही घडलं की तिथे तारखेसह लिहा. मागितलं त्याच्या उलट घडलं तरी लिहा. दुःखद नोंदी गाळलेली वही पुढे तुम्हालाच खोटी वाटायला लागते.

लोकांची खासगी दुःखं अशा वहीत येतात, तेव्हा आद्याक्षरं वापरा. आणि उपासनेनंतर मंडपात कोणी अडचण सांगितली तर "प्रार्थनेत आठवण ठेवतो हं" असं सवयीने म्हणू नका. तिथल्या तिथे अर्धं मिनिट प्रार्थना करा, किंवा खिशातल्या कागदावर नाव टिपा. दोन्ही जमत नसेल तर फक्त ऐकून घ्या.

टप्पा ७: बसल्यावर काय अडतं

मन भटकतं. भटकणारच. गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा राहिला हे नेमकं तेव्हाच आठवतं. वहीच्या कोपऱ्यात 'गॅस' एवढं लिहा आणि परत या. भटकून जर वारंवार एकाच माणसाकडे किंवा एकाच भीतीकडे जात असाल तर परत येऊ नका. तीच आजची प्रार्थना करा.

झोप येते. उभे राहा, चालत प्रार्थना करा. गुडघ्यांवरच बसलं पाहिजे असं नाही. रोजच झोप येत असेल तर टप्पा १ मधलं काम चुकीचं निवडलं आहे, ते बदला.

काहीच वाटत नाही. यावर जास्त बोलायला हवं, कारण सवय मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पहिल्या महिन्यातली ऊब साधारण दुसऱ्या महिन्यात ओसरते. वाचता, बोलता, आमेन म्हणता, आणि भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. अशा वेळी नव्या पद्धती शोधत फिरू नका, आणि वाटत असल्याचं सोंगही आणू नका. स्तोत्र १३ काढा. सहाच ओव्या आहेत, सुरुवातच "किती वेळ?" अशी. ते मोठ्याने वाचा. त्याहून जड दिवस असेल तर ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. रोमकरांस ८:२६ म्हणतं, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा आत्मा स्वतः मध्यस्थी करतो. त्या दिवशी वेळेवर बसलात आणि वेळेवर उठलात एवढंच तुमचं काम.

सावध: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल, तर त्याला 'आत्मिक कोरडेपणा' म्हणून बसू नका. डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आजच घरच्या कोणाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका. उपचार आणि प्रार्थना बरोबर चालतात.

टप्पा ८: चुकलेला दिवस

चुकणार आहे. लग्नाचं वऱ्हाड, सिव्हिलमध्ये रात्रभर जागरण, बाळाचा ताप. त्याची तयारी आधीच करा.

पहिला नियम: भरपाई नाही. काल राहिलं म्हणून आज चौदा मिनिटं बसायचं नाही. भरपाईचं ओझं तिसऱ्या दिवशी इतकं होतं की माणूस वहीच उघडत नाही.

दुसरा: दिवस मोजायचे नाहीत. 'सलग चाळीस दिवस' असा आकडा भिंतीवर लावलात की एक्केचाळिसाव्या दिवशीच्या चुकीने सगळं गेल्यासारखं वाटतं. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्यही सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या रोजच्या छोट्या सवयींचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, असंही त्यात दिसलं. ते लोक प्रार्थना करत नव्हते; फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम अशा सवयी होत्या. पण बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसरा: एक मिनिटाची आवृत्ती ठरवून ठेवा. उभ्याने प्रभूची प्रार्थना आणि एक नाव. प्रवासात, इस्पितळाच्या रांगेत, लग्नघराच्या मोरीत, कुठेही होते. ज्या दिवशी सात मिनिटं अशक्य आहेत असं सकाळीच दिसतं त्या दिवशी हीच करा, आणि तो दिवस झालेला धरा.

तपासा: लागोपाठ तीन दिवस पूर्ण चुकले तर स्वतःला रागावण्याआधी टप्पा १ चा कागद काढा. बहुतेक वेळा पाळी बदललेली असते, पाहुणे आलेले असतात किंवा शाळेची वेळ बदललेली असते. म्हणजे ज्याच्या पाठोपाठ प्रार्थना ठेवली ते कामच हललेलं असतं.

टप्पा ९: रात्रीची दोन मिनिटं

दीड-दोन महिने मुख्य वेळ नीट चालली तरच हे जोडा. दिवा मालवल्यावर तीन प्रश्न: आज कशाबद्दल आभार, आज कुठे चुकलो, उद्याची कोणती गोष्ट सोपवतो? मग स्तोत्र ४:८, पाठ करून ठेवलेलं. मध्येच झोप लागली तर लागू द्या.

टप्पा १०: घरची प्रार्थना आणि वेळ वाढवणं

घरची प्रार्थना वेगळी आणि आपली एकट्याची वेगळी. एकीने दुसरीची जागा भरत नाही. घरात रोज रात्री प्रार्थना होते म्हणून एकट्याने बसत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. घरच्यांसमोर कबुली कोणती देणार?

घरची प्रार्थना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. एक गीत, त्यातलीही दोन कडवी, एक छोटा उतारा मुलांपैकी कोणी वाचायचा, आणि प्रत्येकाने एक वाक्य. आजीआजोबा घरात असतील तर शेवटची प्रार्थना त्यांची. आईवडिलांसाठी एक कडक पथ्य: प्रार्थनेतून मुलांना टोमणे नाहीत. "प्रभू, ह्याला मोबाइल सोडून अभ्यासाची बुद्धी दे" हे देवाला उद्देशून नसतं हे दहा वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागतं.

एकट्याची वेळ वाढवायची ती तीन महिन्यांनंतर, आणि तीही एका वेळी पाचच मिनिटांनी. वाढलेली मिनिटं मागण्यांना देऊ नका. ती गप्प बसण्याला आणि वाचनाला द्या. मार्क संपला की लूक घ्या, किंवा फिलिप्पैकरांस हे चार अध्यायांचं पत्र.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी वही घेऊन बसा. जुनी नावं पुढच्या पानावर उतरवा, ज्यांचं काम झालं त्यांची नावं खोडा, 'कशानंतर'चं वाक्य अजून लागू आहे का ते पाहा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये छाटणी लागली की ते वाक्य बहुधा नव्याने लिहावं लागतं. जुना कागद फाडून नवा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.